चालत्या वाटांचा मुलूख

उकंडराव हे नाव ऐकलं की पुण्याकडची माणसं तोंडाला पदर लावून हसतात. हसोत बापडी. उकिरड्यावरून नाव ठेवलेला माणूस त्यांनी पाहिलेला नसतो, आणि ते नाव ठेवणारी आईही पाहिलेली नसते. देऊळघाटच्या रुक्मिणीबाईची लेकरं एकामागून एक पाळण्यातूनच गेली. पुढचं झालं तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घातलं आणि थेट गावच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारीण मागोमाग गेली, "अवं माय, हे कोनाचं टाकेल लेकरू वो?" असं मोठ्यानं ओरडली, आणि त्याला उचलून परत रुक्मिणीबाईच्या ओटीत घातलं. मरणाला वाटावं, हे केरातलं पोर, हे नेऊन काय करायचं! मरण खरोखरच फसलं. पोर जगलं, त्याचं नाव उकंडा पडलं. मोठेपणी लोक उकंडराव म्हणू लागले, एवढाच काय तो फरक.

घरचा भाजीचा मळा होता. पण ह्याला वांगी खुडायला बसवावं, तर हा बांधावरच्या ओल्या मातीत काडीनं हत्ती काढत बसायचा. बापानं कपाळाला हात लावला आणि पोराला मामाबरोबर खामगावला धाडून दिलं. खामगाव म्हणजे कापसाची पेठ. तिथं हात हलवणारा माणूस उपाशी राहत नसे. उकंडाला नारायणरावांच्या शिळाप्रेसात काम मिळालं आणि तो जन्माचा तिथलाच झाला.

आता शिळाप्रेस कसा असतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाट्यापेक्षा गुळगुळीत अशी एक शिळा असते. तिच्यावर चरबीच्या शाईनं चित्र काढायचं, पाण्याचा हात फिरवायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. शाई चित्राला धरते, ओल्या दगडाला धरत नाही. वर कागद ठेवून दाबला की छाप उठला. मात्र शिळेवर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा कुठं कागदावर सुलटं येतं. उजवीकडचं डावीकडं, डावीकडचं उजवीकडं, अक्षरंसुद्धा आरशात दिसतात तशी. आणि काम संपलं की शिळा वाळूपाण्यानं घासून पुढच्या कामाला कोरी करायची. एकदा घासली की त्या चित्राला ब्रह्मदेवही परत आणू शकत नाही.

ह्या उलटेपणात उकंडरावांचा हात असा मुरला की काही विचारू नका. शेजाऱ्याच्या लग्नात त्यांना दारावर गणपती आणि वधूवरांची नावं काढायला सांगितलं. ह्यांनी मन लावून काढली. वऱ्हाड दारात आलं आणि खो खो हसायला लागलं, कारण गणपतीची सोंड भलतीकडं वळलेली आणि नावं वाचायला आरसा हवा! गोजरबाई, म्हणजे त्यांची बायको, घरी येऊन म्हणाली, "तुमचं तं सारंच उफराटं बावा. एखांद्या दिवशी पाय वर करून चालत यान." तेव्हापासून कागदावर नाहीतर भिंतीवर काही काढायचं झालं की उकंडराव तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "सुलटं, उकंड्या, सुलटं." चित्त ठिकाणावर असलं की जमायचं. चित्त हललं की हात आपल्या जुन्या वाटेनं निघून जायचा.

गोजरबाई हसरी होती, बोलायला तिखट होती. पण तिच्याही नशिबी सासूचंच दुःख आलं. शेषा आणि वामन असे दोन मुलगे रांगते-चालते होऊन मरीच्या साथीत गेले, दोघंही एकाच आठवड्यात. मग लेक झाली. गोजरबाईनं ह्या खेपेला कसलीच कसर ठेवली नाही. पाच घरी पदर पसरून चिंध्या मागून आणल्या आणि त्या भिकेच्या चिंध्यांचं अंगडं शिवून पोरीला घातलं. नाव भिकाबाई, लाडाचं भिकी. कोणी "पोरगी मोठी गोड हाय" म्हटलं की गोजरबाई चटकन म्हणायची, "कायची गोड? काळी ढुस्स तं हाय." आणि आत जाऊन तिला पोटाशी धरून मुके घ्यायची. ह्यात खोटेपणा नव्हता. ज्याचं हातून गेलंय त्याला ठाऊक असतं की चांगली वस्तू उघड्यावर ठेवू नये.

भिकी सहाएक वर्षांची असताना तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना पोरीचे पाय घेऊन गेला. वैद्य झाले, देवऋषी झाले, सरकारी दवाखाना झाला. पाय काही हलले नाहीत. दारातल्या कडुनिंबाखाली तिची बाज पडली ती पडलीच. गल्लीतली पोरं लंगडी खेळायला लागली की ती तोंड फिरवून भिंतीकडं बघायची. उकंडराव संध्याकाळी प्रेसातून आले की हे बघायचे आणि त्यांना भाकर गोड लागायची नाही.

एक दिवस ते बिघडलेल्या छापांचे पाठकोरे कागद घेऊन आले आणि बाजेवर बसले. "भिके, असा एक मुलूख हाय," ते म्हणाले, "का तिथं मानूस चालतच नाई."

"मंग?"

"वाट चालते. मानूस नुसता बसते. वाटेले म्हनायचं, नेय मले मामाच्या गावाले, का निघाली वाट."

भिकीनं त्यांच्याकडं संशयानं पाहिलं. मग म्हणाली, "आन वाट थकली तं?"

"तं तिले ताक पाजाचं."

पोरगी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. आणि चालत्या वाटांचा मुलूख त्या दिवशी सुरू झाला.

रोज संध्याकाळी त्या मुलखात काहीतरी नवं निघायचं. निम्मं बाप सांगायचा, निम्मं लेक सांगायची, आणि काढायचा बाप. ताकाची नदी निघाली, वाटा तिच्यावर पाणी प्यायला यायच्या. जोंधळ्याचा डोंगर निघाला. एक गाव निघालं, तिथं पोखरलेल्या वांग्यांची घरं आणि देठांची धुराडी. ढगांचा गोठा निघाला, ढग दाव्याला बांधलेले, आणि एक म्हातारी त्यांची धार काढतेय. एक वाघ मास्तर झाला, पण त्यालाच पाढे येईनात म्हणून पोरांनी त्याला बाकावर उभं केलं. लोणारच्या तळ्यासारखं एक गोल तळं निघालं आणि त्यात चंद्र धुवायला टाकला. कागदाला कागद चिकटवत चिकटवत मुलूख बाजेएवढा झाला. अगदी डाव्या काठावर, मुलखाच्या वेशीबाहेर, उकंडरावांनी आपलंच घर काढलं. कडुनिंब, रिकामी बाज, आणि उंबऱ्यावर बसलेली गोजरबाई. गोजरबाईनं वाकून बघितलं. "माहं नाक एवढं मोठं हाय काऊन जी?" ती म्हणाली. "मोठं नसतं तं एवढ्या लांबून दिसलं असतं का?" उकंडराव म्हणाले. भिकी टाळ्या पिटायला लागली.

मग एकदा भिकीनं विचारलं, "बा, माहे दोघं दादा कुठं राह्यतेत?"

 चुलीपाशी गोजरबाईचा हात परातीत थांबला. उकंडरावांनी काडी शाईत बुडवली आणि उजवीकडं, नदीपलीकडं, एक गाव काढलं. विटीदांडू खेळणारी दोन पोरं काढली. खाली लिहिलं, दादागाव. गोजरबाई उठून आली, तिनं त्या पोरांवरून हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावून परत गेली. तिथवर सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी भिकी म्हणाली, "आता माहं घर काढ. मधात. आन दार दादागावाकडं ठिव, म्हंजे सकाळी उठल्या उठल्या मले ते खेळतानी दिसतीन."

"नाई!" गोजरबाई चुलीवरून ओरडली. भाकर जळली तिकडं तिचं लक्ष नव्हतं. "त्या मुलखात माह्या जित्या लेकराचं घर काढू नोका. सांगून ठिवतो."

"अवं, खेळ हाय तो."

"खेळ? जिथं माहे दोघं गेले, तिथं तिसरीचं घर बांधता? यमाले पत्ता लिहून देता का? तुमाले तं मायनं उकिरड्यावर लपवलं म्हून तुमी जगले. आन तुमी माह्या पोरीले चव्हाट्यावर मांडता!"

दुसरा कोणी असता तर बायकोला हसला असता. उकंडराव कसे हसतील? ज्याचं नावच उकिरडा, त्याला ही भीती खोटी म्हणता येत नव्हती. त्यांनी मायलेकीत तोड काढली. मुलखाच्या मधोमध एक गोल जागा कोरी सोडली आणि भिकीला म्हणाले, "हे जागा तुहीच. तू पाय टाकशीन ना जमिनीवर, त्या दिवशी घर काढू."  पुढं भिकी रोज त्या कोऱ्या जागेवर बोटानं घर काढायची, आणि दार उजवीकडं काढायची. शाई नसलेलं ते घर बापाला दिसायचं, आईलाही दिसायचं.

नारायणरावांना हा मुलूख कळला तो असा की उकंडराव एक दिवस त्यात भाकर बांधून घेऊन गेले. सगळा नव्हे, सुटून आलेला वाघमास्तरचा तुकडा. नारायणराव म्हणजे हौशी माणूस, डोक्यात एखादं खूळ शिरलं की उतरायचं नाही. त्यांनी सगळा नकाशा मागवला, मेजावर पसरला आणि तासभर त्यातून फिरून आले. "उकंडराव," ते म्हणाले, "ह्याले छापू. देवादिकांचे कागद सारेच छापतेत. असा कागद साऱ्या वऱ्हाडात कोनाजवळ हाय?"

पहिल्या महायुद्धाचं शेवटचं साल होतं. शिळा यायच्या जर्मनीतून आणि जर्मनीशीच लढाई जुंपलेली, त्यामुळं नवी शिळा दिसत नव्हती. तरी नारायणरावांनी प्रेसातली सगळ्यात मोठी शिळा काढून दिली. उकंडरावांनी सगळा मुलूख तिच्यावर उलटा उतरवला, त्यात मूळच्या चिकटवलेल्या कागदाचे तुकडे तुकडे झाले. दादागाव डावीकडं गेलं, गोजरबाई उजवीकडं गेली, आणि मधली जागा कोरी राहिली. पहिला छाप उठला तो त्यांनी जपून घरी नेला. भिकीनं तो रंगवला. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, पालकाचा हिरवा. रंग रेघेबाहेर गेले, पण ताकाची नदी तिनं अशी पांढरी ठेवली की गोजरबाईसुद्धा म्हणाली, "जमलं वो माय."

कागद बाजारात गेले आणि इथं गंमत झाली. धामणगाव बढ्याच्या बाजारात विकणाऱ्यानं तो दोरीला टांगला, तर जो तो विचारी, "ह्याच्यात देव कोन्ता?" देव नाही म्हटलं की लोक काढता पाय घ्यायचे. कोणी म्हणे सरकारनं नवी मोजणी काढली, आता ह्याच्यावर शेतसारा बसवतील. एकानं तर ताकाच्या नदीवर कोणाच्या गावाचा हक्क आहे ते विचारलं. गठ्ठे तसेच्या तसे परत आले. नारायणरावांनी हाय खाल्ली नाही. आषाढी अमावस्या जवळ आली होती. त्या दिवशी वऱ्हाडात घरोघरी जिवतीचा कागद लावतात. जिवती म्हणजे लेकरांची रखवालदार देवी, आणि तिचा कागद सोनार घरी आणून देतो. नारायणरावांनी जिवतीच्या कागदांबरोबर हे सगळे नकाशेही सोनारांना फुकट देऊन टाकले. बायकांनी पाहिलं, कागदभर लेकरं आहेत, झाडं आहेत, गाईसारखे बांधलेले ढग आहेत. त्या म्हणाल्या, हीसुद्धा जिवतीच, नव्या तऱ्हेची. आणि जिल्हाभर मुलूख देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसला. उकंडरावांना हे कळलं तेव्हा ते पोट धरधरून हसले. भिकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग माह्या घराची बी पूजा झाली असती ना, बा?"

त्या वर्षी पाऊस नीट झाला नाही आणि आश्विनात मानमोडीचा ताप आला. लढाईतून आला म्हणत. खामगावात घरोघर माणसं आडवी झाली, खांदा द्यायला धड माणूस मिळेना. धडधाकट गडी गेले, तिथं बाजेवरच्या पोरीची काय कथा? भिकी तापली ती उतरलीच नाही. छातीचा भाता झाला. दुपारी तिनं डोळे उघडले, कागदाकडं पाहिलं. "बा," म्हणाली, "आता तरी काढ ना. मी कुठं जाऊ?"

उकंडराव उठले. घरी शाईचा थेंब नव्हता; प्रेसात शाई होती आणि शिळाही अजून न घासता तशीच होती. घटकाभराचं काम, घर काढायचं, छाप उठवायचा आणि पोरीच्या हातात द्यायचा. त्यांनी पायात वहाणा घातल्या, तर गोजरबाई दारात आडवी झाली. "जायचं असंल तं माह्या मढ्यावरून जा," ती म्हणाली. "तुमी तिकडं घर काढसान आन इकडं ते निघून जाईन. मले ठावकं हाय. मी दोघं पाठवले. मले ठावकं हाय." तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली होती. उकंडराव तिला ढकलू शकले असते. त्यांनी ढकललं नाही. ते परत बाजेवर येऊन बसले आणि पोरीचे न हलणारे पाय चोळत राहिले. उन्हं कलली तेव्हा भिकी गेली. घर काही तिनं पाहिलं नाही.

तेरावा झाल्यावर उकंडराव प्रेसात गेले ते सरळ मोठ्या शिळेपाशी. शिळा कोरी होती. कापसाचा हंगाम लागला होता, गाठींवरची लेबलं छापायची होती, दुसरी मोठी शिळा नव्हती. ती घासून घेतली होती, रिवाजाप्रमाणं. नारायणराव बिचारे समोर येऊन हात जोडून उभे राहिले. "मले काय माहीत उकंडराव! तुमी बोलले असते तं मी दुकान बंद ठिवलं असतं." त्यांचं चूक नव्हतं. कोणाचंच चूक नव्हतं, आणि माणसाला रागवायला कोणी नसलं की तो राग घरी नेतो. उकंडरावांनी घरी विचारलं, "भिकीनं रंगवला तो छाप कुठं हाय?" गोजरबाई खाली बघत म्हणाली, "तिच्यासंगं देला मातीत." मग उकंडराव तिच्याशी बोलेनासे झाले. भाकर वाढली की खायचे, पाणी दिलं की प्यायचे. शब्द नाही.

त्यांनी डोक्यात एकच घेतलं होतं. शिळा गेली, पण कागद तर घरोघरी आहेत. एकेका घरी जायचं आणि कोऱ्या जागेत टाकानं घर काढायचं. उजवीकडं दार. कुठंतरी पोरीला घर मिळायला हवं. प्रेसातून रजा काढून ते निघाले. कधी बैलगाडीतून, कधी पायी, पाठीला शाईची दौत बांधलेली. वाटेत स्वतःशीच म्हणायचे, "सुलटं, उकंड्या, सुलटं." लोकांना वाटलं, मानमोडीनं माणसाचं डोकं नेलं.

पण घरोघरी एकच तऱ्हा. कागद होता, देव्हाऱ्याशेजारीच होता, आणि मधली कोरी जागा कोरी नव्हती. तिथं कुंकवाची बोटं उठलेली. बायकांना वाटलं होतं, एवढी जागा सोडलीय ती जिवतीला कुंकू लावायलाच सोडलीय. देऊळघाटात पाहिलं, तेच. दाभाडी पाहिली, तेच. उकंडराव दौत न उघडताच माघारी फिरायचे आणि पुढच्या गावी तरी असेल म्हणून चालायला लागायचे.

असे ते साखरखेर्ड्याला पोचले. तिथं सत्यभामाबाई म्हणून एक बाई होती, नवरा मानमोडीत गेलेला, कपाळ रिकामं. तिच्याही कागदावर टिकल्या होत्या. पण मधे जराशी फट होती, घर मावेल एवढी. उकंडरावांनी दौत काढली. "बाई, हा कागद माह्याच हातचा हाय. एवढ्याशा जागेत माह्या लेकीचं घर काढू द्या."

"काढा ना दादा," बाई भल्या मनानं म्हणाली. "ह्या टिकल्या माह्या लेकरांच्या हायत. एकेका लेकराची एकेक. तुमची लेक केवढी हाय?"

उकंडराव म्हणाले, "गेली ते."

सत्यभामाबाईचा चेहरा उतरला. तिच्या डोळ्यात पाणी आलं. पण तिनं पुढं होऊन कागदावर आपला तळवा ठेवला, टिकल्यांवर, सगळ्या झाकून. "दादा, पाया पडतो तुमच्या," ती म्हणाली, "जित्या लेकरांत नोका काढू. एवढीच राह्यली हायत मले." अंगणात तिचं धाकटं पोर खोकत होतं, आणि ती ऐकत होती.

उकंडरावांनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांना गोजरबाई दिसली, चौकट धरून उभी राहिलेली. तेच हात, तेच डोळे. ते सत्यभामाबाईच्या दारात लहान पोरासारखे रडले. बायकोवर धरलेला सगळा राग त्या रडण्यात वाहून गेला. बाईनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी दौतीला बूच लावलं आणि म्हणाले, "तुमचं बराबर हाय, बाई. लेकरं जगोत तुमची." आणि ते खामगावच्या वाटेला लागले.

घरी आले तेव्हा गोजरबाई उंबऱ्यावर बसली होती. रोज बसायची. उकंडराव वहाणा काढून तिच्याशेजारी बसले आणि किती तरी दिवसांनी बोलले. "गोजरे, तुहं चुकलं नाई वो."

ती हमसून हमसून रडायला लागली. "चुकलं," ती म्हणाली. "चुकलं माहं. मी भ्याले. मले वाटलं घर नाई काढलं तं जायाची नाई. आन गेली ते गेलीच, वर लेकरू बिनघराचं गेलं. मी कुठं जाऊ म्हून इचारून राह्यली होती. रोज आयकू येते मले. कुठं फिरून राह्यली असंल, पाय नाईत तिले."

मग ती उठली. भिकीची गोधडी खाली काढली आणि दातानं टाके तोडायला लागली. चिंध्यांच्या थरांतून एक घडी केलेला कागद निघाला. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, पांढरी नदी. मातीत दिला म्हणाली होती ते खोटं होतं. देववला नव्हता. मधली जागा तशीच होती, फक्त पोरीच्या बोटानं जराशी मळलेली.

"काढा," गोजरबाई म्हणाली. "आता काढा. मी अडवत नाई."

उकंडरावांनी कागद पाटावर पसरला. टाक शाईत बुडवला. डोळे भरून वाहत होते. भिंती काढल्या. छप्पर काढलं, त्यावर दुधीभोपळ्याचा वेल चढवला. दारात बाज काढली नाही. तिथं बाज लागत नाही. मग दार काढलं, दाराच्या चौकटीला दोन पणत्यांचे कोनाडे काढले. उंबऱ्यावर एवढीशी पोरगी बसवली, पाय खाली सोडून, नुकत्याच आलेल्या वाटेवर टेकवून. काढून झाल्यावर त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि नीट पाहिलं.

दार डावीकडं होतं.

चित्त ठिकाणावर नव्हतं, हात जुन्या वाटेनं गेला होता. भिकीनं एवढं सांगून ठेवलेलं, दार दादागावाकडं ठेव. दादागाव उजवीकडं राहिलं आणि पोरगी त्याच्याकडं पाठ करून बसली होती. शाई सुकली होती. हा काही दगड नव्हता, घासून पुन्हा कोरा करायला. "माह्या हाताले आग लागो," उकंडराव ओरडले. "एक घर मांगतलं होतं पोरीनं, तेबी उफराटं!" त्यांनी कागद फाडायला उचलला.

गोजरबाईनं त्यांचं मनगट धरलं. "थांबा जी," ती म्हणाली. ती वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. भिकीच्या दारातून बोट निघालं ते डावीकडं सरकत गेलं. वांग्यांच्या गावावरून, ढगांच्या गोठ्यावरून, वेशीपर्यंत, वेशीच्या बाहेर, कडुनिंबापर्यंत. तिथं उंबऱ्यावर मोठ्या नाकाची एक बाई बसली होती.

"राहू द्या," गोजरबाई म्हणाली. "माह्याकडं पाहून राह्यली ते."